जनरेटर पडवीत, पिन सॉकेटमध्ये: फिरत्या मेसेजचं एकेक वाक्य तपासू

मे-जूनच्या वादळात जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडं केळी आडवी होते, खांबही पडतात आणि लाइटचा पत्ता नसतो. त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात मजकूर असा: छोटा जनरेटर पडवीत ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, धूर निघून जातो. दोन्हीकडं पिन असलेली वायर करून एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटला लावा. मेन स्विच बंद केला की धोका नाही. दोन केव्हीएवर फ्रिज, कूलर, मोटार सगळं चालतं. पेट्रोल संपत आलं तर मशीन चालू ठेवूनच भरा, पाऊस आला तर ताडपत्री टाका.

यातली पहिली तीन वाक्यं जीव घेणारी आहेत, म्हणून त्यांच्यावरच जास्त बोलू.

“पडवीत ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा.” दिसतो, डोळ्यांना झोंबतो तो धूर. मारतो तो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. वजन जवळपास हवेइतकंच, त्यामुळं झरोक्यातून वर निघून जाईल हा हिशेब चुकतो. तो खोलीभर मिसळतो. गावठाणातल्या लांबट घरात, एकामागं एक खोल्या आणि दार फक्त पुढं, तिथं तर पडवीतला वायू आत ओढला जाऊन मागच्या खोलीत साठतो.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे जी कुणी मेसेजात लिहीत नाही: खिडकीला बाहेरून टांगलेला कूलर. तो बाहेरची हवा ओढून आत फेकतो. त्या बाजूला जनरेटर असेल तर कूलर सायलेन्सरचा वायू थेट झोपलेल्या माणसांवर सोडतो. म्हणून मशीन घरापासून किमान 6 मीटर दूर, उघड्यावर, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला आणि कूलरच्या विरुद्ध बाजूला. शेजाऱ्याची खिडकीही बघा. गच्चीवर किंवा धाब्यावर कुणी झोपत असेल तर खालच्या भिंतीलगत अजिबात नको. सायलेन्सरमधून निघालेला गरम वायू हवेत मिसळण्याआधी वरच जातो.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, हातपाय गळणं ही याची लक्षणं. मे महिन्यात यावर पहिला अंदाज “ऊन लागलं” हाच निघतो. ओळखायचं असं: घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास, आणि अंगणात आल्यावर बरं वाटणं. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर इथं फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं आणि तो 98 दाखवत राहतो. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा, 108 ला फोन करा, जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना सांगा. झोपून बरं वाटेल म्हणून पलंगावर टाकू नका. झोपायच्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावावा, पण तो लावला म्हणून मशीन जवळ आणायचं नाही.

“दोन्हीकडं पिन असलेली वायर.” आधी साधी गोष्ट: एक टोक निसटलं की उघड्या पितळी पिनांवर 230 व्होल्ट असतात, आणि ती वायर कुणाच्याही पायात येऊ शकते. मोठा धोका घराबाहेर आहे. डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, 11,000 व्होल्टचे 433 करते, पण उलटी वीज दिली तर तीच डीपी दाब चढवते. तुमची वीज खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरमधून उलटी गेली तर बंद समजलेल्या लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या हातात ती पोचते. “गल्लीचा लोड येऊन मशीन लगेच बंद पडेल” असं उत्तर मिळतं. तार तुमच्याच खांबापाशी तुटली असेल तर गल्लीचा लोड येतो कुठून? तेव्हा लोंबणाऱ्या तुकड्यावर फक्त तुमचा जनरेटर असतो.

“मेन स्विच बंद केला की झालं.” जुन्या घरांत नुसता किटकॅट (चिनी मातीचा, तारेचा) फ्यूज काढतात. त्यानं फेज तुटतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शिवाय लाइट आली का बघायला घरातलं कुणीतरी मेन चालू करतंच, आणि दोन्हीकडची वीज समोरासमोर आली की जनरेटरचं वाइंडिंग जळतं. यावर उपाय म्हणजे डबल पोल चेंजओव्हर स्विच: एकीकडं महावितरण, दुसरीकडं जनरेटर, मध्ये बंद. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, दोन्ही बाजू एकदम लागूच शकत नाहीत. तो परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून बसवून घ्या, अर्थिंगसह. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात तेव्हा पाणी घालत राहा.

चेंजओव्हर बसेपर्यंत जनरेटरवरून थेट एक्स्टेन्शन घ्या, पण तीन कोअर (फेज, न्यूट्रल, अर्थ), 2.5 चौरस मिमी तांब्याची. 20 मीटर लांबीवर 10 अँपिअर गेले तर हिच्यात 3 व्होल्टच्या आसपास पडतात, 30-35 वॅट उष्णता होते. बाजारातल्या 0.5 च्या बारीक वायरीत 15-16 व्होल्ट पडतात आणि दीडशे वॅट वायरीतच तापतात. ती गुंडाळी तशीच ठेवून वापरली तर इन्सुलेशन वितळतं.

“दोन केव्हीएवर सगळं चालतं.” 0.8 पॉवर फॅक्टर (केव्हीएतला खरोखर कामी येणारा वाटा) धरला तर 1,600 वॅट, आणि तेही रेटेड, म्हणजे मशीन सलग पेलतं तो, आकडा 2 असेल तर. डब्यावर मोठ्या अक्षरात कमाल आकडा छापतात. 45 अंशांत हवा विरळ, इंजिनची ताकद आणखी घटते. फ्रिज 150, कूलर 200, चार पंखे 300, दिवे 50: सातशेच्या घरात, ठीक. अर्ध्या एचपीची मोटार चालताना सहाशेच्या आसपास घेते, पण सुरू होताना क्षणभर तीन ते पाच पट ओढते. पाण्याची टाकी भरायची तर बाकी सगळं बंद करून. गिझर, इस्त्री विसरा.

“चालू मशीनमध्ये पेट्रोल भरा.” तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब पुरतात. बंद करा, 15-20 मिनिटं थांबा, उन्हाळ्यात जास्तच, आणि टाकी काठोकाठ भरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत गॅसच्या शेगडीपर्यंत जाते. म्हणून कॅन स्वयंपाकघरात नको, आणि पाण्याच्या बाटलीत तर नकोच.

“पावसात ताडपत्री टाका.” मशीनवर टाकलेली ताडपत्री हवा कोंडते आणि सायलेन्सरला चिकटून पेटते. चार खांबांवर पत्रा, चारही बाजू मोकळ्या, मशीन फरशीवर किंवा विटांवर उंच. वायरीचा जोडही ओल्या जमिनीवर न टेकवता विटेवर ठेवा.