पाळी गेल्यावरचं रक्त म्हणजे ‘सफाई’ नव्हे

माझ्या मावशीची पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. गेले तीन महिने तिला मधूनच अंगावरून लाल जातंय आणि तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. परवा तिच्या कॅलेंडरवर पेन्सिलने केलेले बारीक गोल दिसले म्हणून मी सहज विचारलं. तीन पानांवर मिळून पाच गोल. आधी ‘काही नाही गं’ म्हणाली, मग फोन काढून एक मेसेज दाखवला. ‘यात लिहिलंय ना, घाबरायचं कारण नाही म्हणून.’

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. बायकांनी कॅन्सरच्या तपासण्यांच्या नादी लागू नये, असा त्याचा सूर आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, मुद्दे सहा. मावशीने दाखवल्यापासून दोन दिवसांत मला तो आणखी तीन जणींनी पाठवला. त्यातल्या दोघी चांगल्या शिकलेल्या आहेत. मी डॉक्टर नाही, पण यातलं बरंचसं खोटं आहे हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण मावशी त्यावरच विसंबून बसली होती. त्यात म्हटलंय: ‘पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ती साठलेल्या अशुद्धीची सफाई समजावी. तपासायला गेलात तर पिशवी काढून मोकळे होतील.’

साठलेलं असं काही नसतंच. पाळीच्या वयात संप्रेरकांमुळे गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला जाड होतं आणि गळून पडतं. पाळी गेल्यावर बीजकोशांचं काम थांबतं, अस्तर पातळ होऊन तसंच राहतं. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर रक्त दिसलं, तर त्याला काहीतरी कारण असतंच. ते एकदाच दिसलेलं असो, नुसता गुलाबी डाग असो, दुखत नसो, तरी ते तपासायचं.

आता घाबरवण्यासाठी नाही, पण आकडा सांगते. २०१८ साली या विषयावरचे जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या शंभर बायकांमागे साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत कारण साधंच असतं: कोरडं पडलेलं पातळ अस्तर, एखादा पॉलिप (अस्तरावर वाढलेला मऊ कोंब), चालू असलेल्या हार्मोनच्या गोळ्या. पण उलट बाजूने बघा. हा कॅन्सर झालेल्या शंभर जणींपैकी नव्वदीच्या वर जणींना असा रक्तस्राव झालेला असतो. इतकी ठळक खूण फार थोडे कॅन्सर देतात, आणि बहुतेक वेळा ती आजार पिशवीपुरताच असताना देतात. तेवढ्यात सापडला तर बहुसंख्य बायका बऱ्या होतात. त्याच खुणेला हा मेसेज ‘सफाई’ म्हणतो. मावशीचे तीन महिने त्यात गेले. आणखी कितीजणींचे गेले असतील, या विचाराने माझं डोकं तापतं.

तपासणी तरी काय असते? आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी. जास्त असेल, किंवा कमी असूनही रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तर बारीक नळीने अस्तराचा नमुना घेतात. बहुतेकदा भूलही द्यावी लागत नाही. पाळीसारखी कळ येते, हे मात्र खरं.

‘पिशवी काढून मोकळे होतील’ यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. गरज नसताना पिशव्या काढल्या जातात, ही तक्रार खोटी नाही. पण त्यावर उपाय न तपासणं हा नव्हे. नमुन्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणायचं नाही, आणि मनात शंका असेल तर तो रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं. शिवाय पाळी गेल्यावरचं रक्त म्हणजे पिशवी गेलीच, असा हिशोब कुठेही नाही.

पहिला मुद्दा: ‘त्रास नाही तर तपासणी कशाला?’ गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबाबत हे वाक्य अगदी उलटं आहे. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. हे दाखवून दिल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात आणि त्यातली बहुतेक वर्षं बाईला काहीही जाणवत नाही. तपासणी असते ती या गप्प वर्षांसाठी. संबंधांनंतर रक्त जाणं किंवा घाण वासाचं पाणी जाणं सुरू होतं, तेव्हा आजार बरेचदा पुढे गेलेला असतो.

यावर एकच पुरावा देते, कारण तो पुरेसा आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. एका गटाची आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी केली, दुसऱ्या गटाची काहीच नाही. आठ वर्षांत कॅन्सर दोन्हीकडे जवळपास सारखेच सापडले, १२७ आणि ११८. पण पुढच्या टप्प्यात पोचलेले किती? तपासलेल्या गटात ३९, न तपासलेल्या गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४, आणि तपासलेला गट तर थोडा मोठाच होता. धोका जवळपास निम्मा झाला, तोही एका तपासणीने. त्याच अभ्यासातल्या इतर गटांत पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) किंवा अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघण्याच्या तपासणीने एवढा ठळक फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते आणि ती तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी पुरते म्हणते. दर महिन्याला खेटे घालायला कुणी सांगत नाही. ‘त्रास नाही तर कशाला’ म्हणणाऱ्यांनी ते ३४ आणि ६४ शेजारी शेजारी लिहून बघावेत.

दुसरा मुद्दा, ‘एकनिष्ठ बायकांना हा आजार होत नाही.’ हा वाचून मला सगळ्यात जास्त चीड आली. एचपीव्ही इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होतोच. आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या बाईलाही होतो. बहुतेकांचा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींचा टिकतो. यात चारित्र्याचा काडीचा संबंध नाही. पण हे एक वाक्य वाचून कितीतरी बायका तपासणीचं नावही काढणार नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून.

चौथा, ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.’ अर्धसत्य आहे, ते कुठलं तेही सांगते. बीजकोशाच्या संशयास्पद गाठीत डॉक्टर सहसा सुई खुपसत नाहीत, फुटू न देता ती अख्खी काढायचा प्रयत्न करतात. आणि फायब्रॉइडचे (पिशवीतल्या साध्या गाठीचे) यंत्राने बारीक तुकडे करून काढण्याच्या पद्धतीबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०१४ मध्ये इशारा दिला होता, कारण आत न ओळखलेला कॅन्सर असेल तर तो पोटात पसरू शकतो. म्हणजे धोका कुठे आहे ते डॉक्टरांना ठाऊक आहे आणि तिथे ते जपतात. पिशवीच्या तोंडाचा किंवा अस्तराचा नमुना घेणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याने कॅन्सर पसरत नाही, आणि तो घेतल्याशिवाय निदान होत नाही.

पाचवा, लसीने वांझपण येतं म्हणे. एचपीव्हीच्या लसीत विषाणू नसतोच, त्याच्या कवचासारखं नुसतं प्रथिन असतं. वांझपण येत असल्याचा पुरावा नाही. स्वीडनमध्ये सोळा लाखांहून अधिक मुली-तरुणींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. उलट कॅन्सरपूर्व बदल झाले आणि त्या तोंडाचा भाग कापून काढावा लागला, तर पुढच्या गरोदरपणात अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका वाढतो.

शेवटचा मुद्दा ‘वर्षातून एकदा सीए-१२५ रक्ततपासणी केली की झालं, बाकी काही नको.’ सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन, बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये ते बरेचदा वाढतं. तसं झालं असतं तर किती बरं होतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की त्रास नसलेल्या बायकांची सीए-१२५ किंवा सोनोग्राफीने नियमित तपासणी करून बीजकोशाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), यांनीही सीए-१२५ चा आकडा चढतो. या कॅन्सरला भरवशाची चाळणी अजून नाही, हे मान्य करावंच लागेल. म्हणून लक्षणांकडे बघायचं: पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी किंवा घाईची लघवी. हे नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढू नका. योनीमुखाची न जाणारी खाज, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखमही दाखवा, लाज वाटली तरी.

मावशीची सोनोग्राफी गुरुवारी आहे. काल रात्री तिचा फोन आला, अगदी हळू आवाजात. ‘डाग पडलेलं कापड तसंच ठेवू का गं, न धुता? त्यांना बघायचं असेल तर?’ मी म्हटलं, मावशी, कापड नको, कॅलेंडर घे. कोणत्या दिवशी गेलं आणि किती गेलं, एवढं सांगितलंस की पुरे. किती गेलं ते तिने लिहिलेलं नव्हतं. मग फोनवरच आम्ही एकेका गोलासमोर आठवून आठवून लिहिलं: थेंबभर, थेंबभर, डाग, पॅड लागलं, डाग.