उन्हातून आल्यावर पाणी प्या, नसा फुटत नाहीत

परवा भर दुपारी मामी इतवारीतून बाजार करून आली. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. पाण्याचा गिलास पुढे केला तर तिने हातानेच बाजूला सारला. "अर्धा तास थांबते. ग्रुपवर आलंय ना, उन्हातून आल्या आल्या थंड पाणी प्यायलं की नसा फुटतात!" नागपुरात ऊन तापलं की हा मेसेज फिरतोच. यंदा त्याने आमच्या घरचं माणूस तहानलेलं ठेवलं.

मेसेज म्हणतो, बाहेर 45 अंश म्हणजे शरीरही तेवढंच तापलेलं. थंड पाण्याने बारीक रक्तवाहिन्या गरम काचेसारख्या तडकतात. अहो, हवा 45 ला गेली तरी रक्त 37 च्या आसपासच असतं. ते 40 च्या वर गेलं तर तो उष्माघात, तेव्हा थेट दवाखाना गाठायचा. आणि प्यायलेलं पाणी पोटात जातं, गार असतानाच नसांत शिरत नाही.

हिशोबच करू. एक किलो पाणी एक अंशाने तापायला 4.18 किलोज्यूल लागतात. दहावीच्या विज्ञानातली विशिष्ट उष्माधारकता ती हीच. फ्रिजमधलं 5 अंशांचं पाव लिटर पाणी 37 ला यायला 0.25 × 4.18 × 32, म्हणजे साधारण 33 किलोज्यूल. शरीराची उष्माधारकता सुमारे 3.5 धरली, तर 60 किलोचं माणूस एका अंशाने उतरायला 210 लागतात. म्हणजे गिलासभर गार पाण्याने शरीर उतरतं फार तर 0.16 अंश. माठातलं 25 अंशांचं पाणी असेल तर 0.06. एवढ्याने नस फुटेल?

खरा घात त्या अर्ध्या तासात आहे. तेच पाव लिटर पाणी घाम होऊन त्वचेवरून उडालं की सुमारे 600 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, गारव्याच्या अठरापट. शरीर थंड राहतं ते घामावर, आणि घामाला पाणी लागतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची उष्णतेच्या लाटेतली सूचना स्पष्ट आहे: तहान नसली तरी पाणी प्या, ओआरएस, लिंबूपाणी, ताक, लस्सी घ्या.

बर्फाचं पाणी घटाघटा प्यायलं की कपाळात कळ येते, हे मान्य. मग घोट घोट प्या, माठातलं प्या.

गार पाण्याने पोटातलं तेल थिजतं म्हणे. पोटात 37 अंश असतात, पाणी थोड्याच वेळात तेवढं होतं. वजन उतरतं म्हणे. 33 किलोज्यूल म्हणजे आठ किलोकॅलरी, आहाराच्या भाषेत जेमतेम आठ कॅलरी.

मामीने शेवटी माठातलं दोन गिलास पाणी प्यायलं. ग्रुपवर त्या मेसेजखाली हाच हिशोब टाकला आहे.