९० दिवसांचा दाखला

पिंपरी-चिंचवडमधील थेरगावच्या डांगे चौकात सकाळी मजूर अड्डा भरतो. गेल्या वर्षी घरातील फरशीच्या कामासाठी मी तिथूनच एक गवंडी आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एक बिगारी ताई आणल्या होत्या. काम संपल्यावर ताईंनी पिशवीतून घडी घातलेला एक अर्ज काढला आणि "दादा, ह्यात काय भरायचं ते वाचून सांगता का?" असे विचारले. तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचा अर्ज होता. नाव, वय, गाव, मुखेड तालुका, इथपर्यंत सारे सुरळीत झाले. मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याच्या दाखल्यापाशी मात्र आम्ही दोघेही अडलो. वर्षभरात किती ठिकाणी काम केले, हे त्यांना मोजता येईना. एका जागी लागलेले सर्वांत मोठे काम ११ दिवसांचे होते आणि त्या मुकादमाचे पूर्ण नावही त्यांना ठाऊक नव्हते.

१९९६ पासूनच्या कायदेशीर तरतुदीनुसार बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून नोंदणीकृत कामगारांना अपघातात मदत, बाळंतपणाचा खर्च, मुलांना शिष्यवृत्ती मिळणे अपेक्षित आहे. पैसा जमा होतो, पण ज्याच्या नावाने तो जमा होतो त्याने आपण कामगार असल्याचे सिद्ध करायचे ते ठेकेदाराच्या सहीने, आणि सही केली की "हा माझा कामगार" हे मान्य होते, मग किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई हे सारे अंगावर येते. म्हणून साइटवर आठवड्याची खर्ची हातावर ठेवली जाते, उरलेला हिशेब मुकादमाच्या डायरीत राहतो. या निधीचा विनियोग होत नसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक शब्दांत नाराजी नोंदवली होती. दाखला महापालिकेकडून किंवा ग्रामसेवकाकडूनही मिळू शकतो, हे खरे. परंतु रोज नव्या ठिकाणी राबणाऱ्या माणसाला पुराव्याशिवाय तो तिथे कोण देणार?

राहण्याचीही तीच गत आहे. ताई आणि त्यांचे यजमान दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीला महिना साडेचार हजार रुपये भाडे देतात. म्हणजे चौरस फुटामागे ४५ रुपये. आमच्या इमारतीतील आठशे चौरस फुटांचा फ्लॅट नुकताच २८ हजारांना भाड्याने गेला, म्हणजे चौरस फुटामागे ३५ रुपये, शिवाय लिफ्ट, चोवीस तास पाणी आणि पार्किंग. ताईंच्या चाळीत सात खोल्यांना मिळून एक नळ आहे आणि विजेचे पैसे घरमालक स्वतः ठरवलेल्या दराने घेतो. हा आकडा मी कागदावर मांडला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, कारण दहा वर्षे त्या चाळीवरून जाऊनही मी हा साधा भागाकार कधी केला नव्हता.

भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. फ्लॅटच्या बाबतीत ते आपण सारे निमूटपणे पाळतो. पत्र्याच्या खोलीला पावतीही नसते. मग रहिवासाचा पुरावा नाही, गॅसजोडणीपासून शाळेतील प्रवेशापर्यंत प्रत्येक ठिकाणी अडवणूक, आणि भाडे वाढवले तर भांडायला आधार नाही. मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी राखीव असतात खरी, पण ती विकत घ्यायची असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे कर्ज लागते. ज्याची मजुरीच कुठे लिहिलेली नाही, त्याला बँक दारात उभे करत नाही.

मजुरी वाढली तर घरे महागतील, असे मला अनेक सुशिक्षित मित्र सांगतात. मजुरी दाबून ठेवल्याने वाकड-ताथवड्यात घरे स्वस्त झाल्याचे मी पाहिलेले नाही; वाचलेला पैसा जमिनीच्या भावात आणि नफ्यात जिरतो. जोखीम मात्र मजुराकडेच राहते. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यातील कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसे गेली. त्यांतील बहुतेक जण बिहारचे होते.

माझे मागणे फार मोठे नाही. महापालिकेने प्रत्येक अड्ड्यावर सकाळी एक कर्मचारी बसवावा, त्याने हजेरी आणि कामावर नेणाऱ्याचा मोबाइल क्रमांक नोंदवावा, आणि त्या नोंदीचे ९० दिवस भरले की तोच दाखला मानावा. माझ्यासारख्या एका दिवसासाठी मजूर नेणाऱ्याचेही नाव त्यात यावे. पत्र्याच्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांना पावती सक्तीची करावी आणि राखीव घरांतील काही घरे विकण्याऐवजी माफक भाड्याने द्यावीत. केरळने २०१९ मध्ये पालक्काड जिल्ह्यात परप्रांतीय कामगारांसाठी भाड्याचे वसतिगृह उभे केले. पिंपरी-चिंचवडला ते परवडणार नाही, असे कोणी म्हणू नये.

ताईंचा अर्ज अजून तसाच आहे. दीड हजारात दाखला "करून देतो" म्हणणारा एजंट त्यांना भेटला आहे, आणि देऊ का, असे त्यांनी मला परवा फोनवर विचारले.