आईचं पेन बंद झालं

आई 76 वर्षांची आहे. कराडला धाकट्या भावाकडे राहते. गेली 17 वर्षं इन्सुलिन घेते, त्यातली शेवटची 11 इंजेक्शनच्या पेनने. सकाळी नाश्त्याआधी 22 युनिट, रात्री जेवणाआधी 14. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण साखरेने डोळ्याच्या पडद्यावर जो परिणाम केला तो काही भरून आलेला नाही. जवळचं बारीक तिला दिसत नाही. म्हणून ती आकडा बघत नाही, टिक मोजते. पेनचं मागचं बटण फिरवलं की दर युनिटला एक टिक वाजते. ओट्याला टेकून, पेन कानाजवळ धरून, ओठ हलवत ती मोजते. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर बटण परत शून्यावर आणून पहिल्यापासून सुरुवात. आजी मोजत असताना बोलायचं नाही, हे घरातल्या पोरांनाही पाठ आहे.

वहिनी शाळेत शिक्षिका आहे, सकाळी पावणेसातला घर सोडते. भावाची शिफ्ट असते. तरी आईचं कधी काही अडलं नाही, कारण ते पेन होतं. "मला टोचायला कुणी लागत नाही," हे ती पाहुण्यांना आवर्जून सांगायची.

2025 मध्ये त्या पेनात बसणारी कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिन भरलेली छोटी नळी, मिळेनाशी झाली. कंपनीने ह्यूमन इन्सुलिनच्या, म्हणजे आई घेते त्या प्रकारच्या इन्सुलिनच्या, कार्ट्रिज भारतात थांबवल्या आणि बाटलीतलं इन्सुलिन चालू ठेवलं. हे आम्हाला कसं कळलं? भाऊ नेहमीसारखा मेडिकलमध्ये गेला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "ती आता येत नाही. बाटली देऊ का? औषध तेच आहे." घरात शेवटची कार्ट्रिज संपत आलेली. भावाने बाटली घेतली, सोबत सिरिंजचं पाकीट घेतलं.

औषध तेच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. फरक होता तो ताकदीचा. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीलीटरमध्ये 100 युनिट असतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांमध्ये एका मिलीलीटरला 40. त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या येतात, आणि त्यांच्यावरच्या रेघा वेगळ्या असतात. लाल टोपीची 40 साठी, नारिंगी टोपीची 100 साठी. आमच्या घरी आलेली बाटली 40 ची होती आणि सिरिंज नारिंगी टोपीची.

सिरिंजवरच्या रेघा आईला दिसत नाहीत, म्हणून इंजेक्शन वहिनी द्यायची, फार काळजीने. बाटली तळहातांमध्ये हलकेच घोळवायची, हवेचा बुडबुडा काढायची, उजेडाकडे धरून बरोबर 22 च्या रेघेवर आणायची. पण नारिंगी सिरिंजवरची 22 ची रेघ म्हणजे 0.22 मिलीलीटर. 40 च्या बाटलीतलं तेवढं इन्सुलिन म्हणजे जेमतेम 9 युनिट. आईला सकाळी 22 ऐवजी 9 मिळत होते, रात्री 14 ऐवजी जेमतेम 6, सलग पाच दिवस.

उपाशीपोटीची साखर 160 वरून 230, मग 290, मग 318. तहान, रात्री चार-चार वेळा उठणं, पायांत गोळे. आणि आईने यातून काय अर्थ काढला? आपलंच खाण्यात काहीतरी चुकतंय. तिने रात्रीचा भात बंद केला, भाकरी अर्धी केली. फोनवर मला म्हणाली, "मी काही गोड खाल्लं नाही गं, शपथ." चोरी पकडली गेल्यासारखा तो आवाज होता. 76 वर्षांची बाई, आयुष्यभर पथ्य सांभाळलेली, आणि ती माझ्यापुढे सफाई देत होती. मला ते आकड्यांपेक्षा जास्त लागलं.

मी भावाकडून बाटलीचा आणि सिरिंजचा फोटो मागवला आणि डॉक्टरांना पाठवला. पाचेक मिनिटांत त्यांचा फोन. "ताई, आधी ती सिरिंज बाजूला ठेवायला सांगा." मग त्यांनी उलट बाजूही समजावली, ती ऐकून माझे हातपाय गार पडले. पेन बिघडलं म्हणून कुणी 100 च्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने इन्सुलिन ओढून घेतलं, तर 22 च्या रेघेवर 55 युनिट जातात. अडीचपट. रात्री झोपेत साखर खाली गेली तर माणूस उठायचा नाही. आमच्या बाबतीत चूक कमी पडण्याच्या बाजूने झाली म्हणून निभावलं. तुमच्या घरी कुणी बाटलीने इन्सुलिन घेत असेल तर हे वाचून झाल्यावर फ्रिज उघडा. बाटलीवरचा 40 की 100 बघा आणि सिरिंजची टोपी बघा. फक्त एवढंच, पण आजच.

आता माझं म्हणणं.

आपल्याकडे यासाठी नियम नाही असं नाही. औषध किंमत नियंत्रण आदेश, 2013 मध्ये परिच्छेद 21 आहे. किंमत नियंत्रणाखालचं औषध कंपनीला बाजारातून काढायचं असेल, तर किमान सहा महिने आधी सरकारला कळवावं लागतं आणि जाहीर सूचनाही द्यावी लागते. सरकारला वाटलं तर लोकहितासाठी आणखी एक वर्षापर्यंत पुरवठा चालू ठेवायला सांगता येतं. आई घेते ते 30/70 चं मिश्र इन्सुलिन (30 टक्के लवकर काम करणारं, 70 टक्के सावकाश) आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. कागदावर सगळं आहे. पण ही जाहीर सूचना कुणासाठी असते? आई वर्तमानपत्रातल्या नोटिसा वाचत नाही. तिला त्या दिसतच नाहीत. तिच्या हातात दर महिन्याला न चुकता येणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कार्ट्रिजचा खोका. त्या खोक्यात घडी घातलेला माहितीचा लांबलचक कागद असतोच. त्यासोबत बंद होण्याआधीचे तीन-चार महिने एक चिठ्ठी टाकायची. मोठ्या अक्षरात, मराठीत, हिंदीत, जिथे माल जातो तिथल्या भाषेत. "ही कार्ट्रिज अमुक महिन्यानंतर मिळणार नाही. डॉक्टरांना भेटा. 40 ची बाटली घेणार असाल तर लाल टोपीचीच सिरिंज घ्या." याला किती खर्च येतो? आमच्या घरातले ते पाच दिवस एका चिठ्ठीने वाचले असते.

कंपन्यांनी काही बदलूच नये, असं मी म्हणत नाही. बदल कित्येकदा आपल्या भल्याचा असतो. आमच्याकडे पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर होता, आईच्या फार विश्वासाचा. डिजिटलचा बीप तिला अजून पटत नाही. पण पारा हे विष आहे. जपानमधल्या मिनामाता गावाने ते भोगलं आणि त्याच गावाच्या नावाने 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारात पाऱ्याच्या थर्मामीटरचं उत्पादन थांबवायला 2020 ची मुदत ठरली, भारतही त्यात आहे. ते जायलाच हवे होते. लहान मुलांच्या तापावर सर्रास दिलं जाणारं निमेसुलाइड 2011 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांसाठी बंद केलं, तेही बरंच झालं. माझी तक्रार न सांगता बदलण्याबद्दल आहे.

कारण वापरणाऱ्याचा विश्वास नावावर असतो, खोक्याच्या रंगावर असतो. आत काय आहे ते कोण बघतं? साबणाचंच बघा. आमच्या घरात वर्षानुवर्षं एकच वडी यायची. आईची त्वचा कोरडी पडायला लागली, पिंडऱ्यांना खाज सुटायला लागली, तेव्हा मी पहिल्यांदा वेष्टनाची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरांत 'बेदिंग बार' लिहिलेलं. टॉयलेट सोप वेगळा आणि बेदिंग बार वेगळा, हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये किमान 76 टक्के स्निग्ध पदार्थ लागतो, टीएफएम म्हणतात तो. बेदिंग बारला 40 टक्के पुरतो. खाज साबणानेच आली असं मी ठामपणे सांगू शकत नाही, मधुमेहात त्वचा तशीही कोरडी पडते. पण ज्या बाईच्या पायाला साधी चीर पडली तरी डॉक्टर काळजी करतात, तिच्या साबणात काय आहे ते मला माहीत असायला हवं होतं.

आणि 'आतलं औषध तेच' असतं तेव्हाही सगळं तेच असतं असं नाही. 1968 मध्ये ऑस्ट्रेलियात फिट्सवरच्या फेनिटॉइन नावाच्या औषधाच्या बाबतीत हे घडलं. औषध तेच, मात्रा तीच. फक्त कॅप्सूलमध्ये भर म्हणून घालायची पूड बदलली, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं. त्याने औषध शरीरात जास्त शोषलं जायला लागलं आणि नेहमीचाच डोस घेणाऱ्या रुग्णांना विषबाधा झाली. म्हणून फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टर सांगतात की कंपनी परस्पर बदलू नका. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलगा अशा गोळ्या घेतो. ती मेडिकलमध्ये "सेम कंटेंट आहे, घेऊन जा" ऐकून घेत नाही. लोक तिला हट्टी म्हणतात. मला ती शहाणी वाटते.

आमचं पुढे काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. लाल टोपीची सिरिंज घेऊन बाटली चालू ठेवायची, किंवा तसंच 30/70 दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिजमधलं घ्यायचं. पण एका कंपनीची कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनात चालेल असं धरून चालायचं नाही, म्हणजे पेनही नवं. पहिले दहा दिवस लाल टोपीवर काढले. साखर उतरली, पण आई कोमेजली. वहिनी जायच्या आत इंजेक्शन, म्हणजे साडेसहाला टोचायचं आणि लगेच नाश्ता. तिची आंघोळ, देवपूजा, सगळंच विस्कटलं. एक दिवस म्हणाली, "तिच्या घड्याळावर मला भूक आणायला लागते." तक्रारीचा सूर नव्हता, पण मला कळलं ते.

मग नवं पेन आणलं. मी शनिवार-रविवार कराडला जाऊन राहिले. पहिल्यांदा तिने कानाजवळ धरून बटण फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. "हे मुकं आहे गं." खरंच, जुन्याइतका खणखणीत आवाज नव्हता. मला रडू आलं. एवढं सगळं करून शेवटी आवाजावर अडलं. ती मात्र बसून राहिली. सुई न लावता बटण पुढे-मागे फिरवत होती. अर्ध्या तासाने म्हणाली, "ऐकू येत नाही, पण अंगठ्याला कळतंय." डोळे मिटून तिने 22 लावले. मी खिडकीतला आकडा बघितला, 22 होते. परत 14 लावायला सांगितलं. तेही बरोबर. आम्ही दिवसभरात वीस-पंचवीस वेळा तरी केलं असेल, एकदाच 21 आला. डॉक्टरांनी औषध तेच असलं तरी दोन आठवडे रोज साखर तपासायला लावली, तसं केलं.

आता फ्रिजच्या दारावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद आहे. इन्सुलिनचं मूळ नाव, 30/70, 100 ची कार्ट्रिज, पेनचं नाव, दोन्ही वेळचे डोस. ब्रँडचं नाव मी मुद्दाम शेवटी लिहिलं. औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियम 2018 पासून आहे, तेव्हा खोका हातात घेतला की ते आधी वाचायची सवय लावता येते. गोळ्यांसाठीही तसंच केलं. कंपनी बदलल्यावर अंगावर काही उमटलं, चक्कर आली, तर डॉक्टरांना सांगाच. पण 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवरही कळवता येतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घ्यायला सरकारने तो ठेवलाय. सामान्य माणसालाही तिथे सांगता येतं, हे मला या सगळ्यात कळलं.

मेडिकलवाल्यांशी भाऊ नीट बोलला. भांडला नाही. त्यांनाही वाईट वाटलं होतं, त्या मुलाला दोन सिरिंजमधला फरकच कुणी शिकवला नव्हता. आता त्यांनी लाल आणि नारिंगी टोप्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्यात.

परवा मी फोन केला तर आईचा लागेना, बराच वेळ बिझी. नंतर कळलं, ती मेडिकलमध्येच बोलत होती. महिना संपायला आठ दिवस असताना तिने स्वतःहून फोन लावला आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात येणार आहे ना ही? बंद करणार असतील तर मला आत्ताच सांगा, मला शिकायला वेळ लागतो."