हार्ड डिस्कबद्दलच्या तुमच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार अशी: २ टीबीची म्हणून दिलेली हार्ड डिस्क १.८१ टीबीच दाखवत होती, वर्षाच्या आत ती बंद पडली, बाबांच्या पंचाहत्तरीचे फोटो-व्हिडिओ त्यात अडकले आणि लॅमिंग्टन रोडच्या आमच्या दुकानात वॉरंटीत बदलून द्यायला टाळाटाळ झाली.

जागेचं आधी सांगतो. कंपनी २ टीबी म्हणजे २ लाख कोटी बाइट धरते. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून तेवढीच जागा १.८१ दिसते. तीच डिस्क मॅकला लावलीत तर २ टीबी दिसेल. यात फसवणूक नाही.

फोटोंचं मात्र मलाही मनापासून वाईट वाटतं. तुम्हीच लिहिलंय की लॅपटॉपमध्ये जागा व्हावी म्हणून फोटो डिस्कवर टाकून तिथून डिलीट केले, आणि मग तीच डिस्क डोंबिवलीला भावाकडे, अल्बमवाल्याकडे फिरली. ताई, लॅपटॉपमधून डिलीट केल्याक्षणी तो बॅकअप राहिला नाही, ती एकुलती एक प्रत झाली. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं याच कारणाने रडकुंडीला आलेली असतात, म्हणून इतकं लिहितोय. देवाणघेवाणीला वेगळी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह ठेवा. ती एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइल मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालेल. फॅट३२ या जुन्या पद्धतीवर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ जातच नाही. बॅकअपची डिस्क घरातच राहू दे. कॉपी झाली की इजेक्ट करून कपाटात ठेवा, कारण रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर जोडलेली डिस्कही लॉक होते. आणखी एक प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी हवी. २६ जुलै २००५चं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही.

आता टाळाटाळीबद्दल. कंपनीची वॉरंटी डिस्कची असते, आतल्या डेटाची नसते. बदलीसाठी जमा केलेली जुनी डिस्क कंपनीकडे जाते, ती परत मिळत नाही. त्या दिवशी आमच्या मुलाने डिस्क जमा करून घेतली असती, तर तुम्हाला नवी मिळाली असती आणि बाबांचे फोटो कायमचे गेले असते. म्हणून त्याने थांबवलं, आणि ते बरोबरच केलं.

डिस्क टकटक वाजते असं तुम्ही म्हणालात. चालू असताना धक्का बसला की डेटा वाचणारं हेड आतल्या तबकडीवर घासतं, बहुधा तेच झालंय. म्हणून आता ती पुन्हा जोडू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवू नका, कुणाला उघडू तर मुळीच देऊ नका. ज्यांच्याकडे क्लीन रूम, म्हणजे डिस्क उघडण्यासाठीची धूळमुक्त खोली, आहे अशांकडेच पाठवायला हवी. उघडल्यावर वॉरंटी राहील का, हे कंपनीला आधी विचारून घेऊ. बिल आणि डिस्क घेऊन या. खर्चाचा अंदाज लेखी मिळाल्याशिवाय पुढचं काही करणार नाही.