एक हजार शंभर लिटर

टँकरवाल्याकडे माझं अजून अकराशे लिटर पाणी येणं आहे. त्याच्या मते मी त्याची माफी मागितली तेव्हाच हिशेब मिटला. मिटलेला नाही.

कुडाळ, मे महिना, सकाळचे साडेसात. सोसायटीची बोअर आटलेली. सेक्रेटरी मी, कारण निवडीच्या मीटिंगला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो होतो. टँकर आला, मागे ठसठशीत अक्षरांत ‘१०,००० लिटर’. हे आकडे टाकीवर रंगवतात, आत भरत नाहीत, एवढं मला कळतं. म्हणून मी काठी घेऊन उभा होतो.

आमची जमिनीखालची टाकी आतून तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर चढलं की साठ लिटर. दहा हजार लिटर पडले तर पातळी १६७ सेंटिमीटरने वाढली पाहिजे. आधी काठी बुडवली, बारा सेंटिमीटर. एवढं पाणी तळाशी ठेवावंच लागतं. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की मोटर हवा ओढते आणि मग बादलीने पंपात पाणी ओतून प्रायमिंग करत बसावं लागतं.

शेजारच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, तात्या येऊन बसले. वय पंचाहत्तर, कमरेला पंचा.

“सेक्रेटरी, काठयेन म्हशी हाकतत. पाणी मोजूक नाय.”

मी दुर्लक्ष केलं. ड्रायव्हरने ट्रक आमच्या गेटच्या चढावर नाक खाली, शेपूट वर असा लावला होता. वॉल्व्ह मागे असतो, त्यामुळे उरलेलं पाणी पुढच्या बाजूला साचून राहतं. मी म्हटलं, ट्रक फिरवून लाव. वरचं झाकणही उघडून दाखव, पाणी गळ्याला लागलेलं दिसलं पाहिजे. तो म्हणाला, “साहेब, येताना हिंदकळतं. पाणीच ते.” हिंदकळून किती जातं ते काही तो सांगेना.

“पाणी मात्र चांगला आसा हां,” तात्या म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत?”

“माझ्याच बावीतला ता.”

मला आधी ऐकू आलं नाही असंच वाटलं. तात्यांची बाव, म्हणजे विहीर, आमच्या टाकीपासून चाळीस फुटांवर आहे. टँकर त्यांच्या मागच्या वाटेने आत शिरला होता, तिथे भरला, हायवेला वळसा घालून दीड किलोमीटर डिझेल जाळून आमच्या गेटात आला आणि त्याचे आम्ही अठराशे रुपये देत होतो.

“अहो तात्या, मग सरळ पाइप टाकून द्या ना! तुम्हाला टँकरवाला देतो त्याच्या दुप्पट देतो.”

तात्यांनी पान जुळवलं. चुना लावला. सावकाश.

“पाइपान दिलंय तर तो शेजारधर्म झालो. शेजारधर्माचे पैसे घेतलंय तर लोक काय म्हणतले?”

“मग फुकट द्या.”

“फुकट कित्याक? तुमी काय पै-पावणे?”

यावर उत्तर नाही. मी अजूनही शोधतोय.

आणि ते पाणी तरी कुणाचं? आमची गच्ची ३०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटर सहज कोसळतो. म्हणजे ९ लाख लिटर. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी सोडून दिलं, थोडं उडालं, सांडलं असं धरून ८० टक्के धरलं तरी ७ लाख २० हजार. बहात्तर टँकर. आमच्या टँकरवाल्याच्या मापाने एक्क्याऐंशी. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत येतो, मेपर्यंत साठवायला गच्चीएवढीच दुसरी टाकी बांधावी लागेल. म्हणून बिल्डरने पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा केला, इमारतीचा दाखला मिळेपर्यंत. तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड रेती. वरची चार बोटं रेती दर पावसाळ्याआधी खरवडून बदलायची असते. पाइपाच्या तोंडाला जाळी हवी. आमच्याकडे जाळी नाही आणि रेती बदलणं कुणाचं काम हे बिल्डरही सांगून गेला नाही. पहिल्याच वर्षी गाळाने खड्डा तुंबला. तुंबला नसता तरी खाली जांभा, सगळी भोकंच भोकं. पाणी मुरतं, पण आपल्याकडे थांबत नाही, उताराने निघून जातं. आमच्या उताराला तात्यांचं परडं आहे. बाव परड्यात. तेव्हा ते अठराशे कशाचे, ते तुम्हीच सांगा.

असो. पाणी घालवण्यात आमचा जिल्हा एकटा नाही. कोयना धरणाचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी वीज करून वाशिष्ठी नदीत सोडतात, तेही समुद्रालाच मिळतं. तिथे कुणी काठी घेऊन उभं राहत नाही.

टँकर रिकामा झाला. पाणी संथ होऊ दिलं, काठी बुडवली, १४७. वाढ १३५, म्हणजे ८,१०० लिटर. एकोणीसशे कमी! मी ओरडलो. फार ओरडलो. ‘चोर’ हा शब्द तीनदा आला, असं तात्यांनी नंतर मोजून सांगितलं. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “साहेब, ती मोटर कुणाची वाजतेय?”

आमचीच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची आंघोळ अडली म्हणून वॉचमनने टँकर चालू असतानाच वरची टाकी भरायला घेतली होती.

“आता चोर कोण?” तात्या.

मी हात जोडून माफी मागितली. पूर्ण एकोणीसशे लिटरची. रात्री वॉचमनची वही बघितली. सात चाळीसला मोटर चालू, सात अठ्ठेचाळीसला मी ओरडून बंद केली. वरची पाच हजारांची टाकी भरायला पन्नास मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटाला शंभर लिटर. आठ मिनिटांचे आठशे. उरलेले अकराशे कुठे आहेत? फोन लावला. “साहेब, तुम्हीच माफी मागितली ना?”

गुरुवारी पुन्हा टँकर आहे. मोटरच्या खोलीची किल्ली या वेळी माझ्या खिशात असेल. तात्यांनी गडग्यावर उशी आणून ठेवली आहे.