मागच्या सीटवर सासरे

धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण देतात. 2023 साली हा अधिक महिना नेमका श्रावणात आला, त्यामुळे वाण आणि पाऊस एकदमच अंगावर आले. नाशिकला इंदिरानगरच्या सासुरवाडीत पोटभर जेवून मी लोडाला टेकलो होतो, तेवढ्यात मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) म्हणाले, "जावईबापू, उद्या भंडारदऱ्याला जाऊन येऊ. तुमच्या मोटरसायकलवर."

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. अशा माणसाला फिरायलाही धरणच लागतं. मी चारचाकीचं सुचवलं, तर म्हणाले, "काचेतूनच धबधबा बघायचा तर टीव्ही काय वाईट?" मी आशेनं बायकोकडे पाहिलं. ती अनारशावरची खसखस टिपून खात होती.

सत्तरेक किलोमीटरचं अंतर. एरवी काहीच नाही. पण जावई आणि सासरे एका सीटवर बसले की अंतर वाढतं. मागे मित्र असला तर "नीट बस की" म्हणून ढोसता येतं, बायको असली तर भांडता येतं. सासऱ्यांना काय म्हणणार? त्यांनाही माझ्या कमरेला धरणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी मागची दांडी पकडली. मग प्रत्येक खड्ड्याला त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं आणि मागून आवाज यायचा, "माफ करा हं." घोटीपर्यंत हायवेवर हे अधूनमधूनच चाललं. घोटी सोडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर मात्र त्यांनी माफी मागणं बंद केलं. दोन खड्ड्यांच्या मध्ये तेवढा वेळच मिळेना.

बरं, चहाचं. वाडीवऱ्ह्याला मामांनी विचारलं, "थांबायचं का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"माझं काही नाही हो. तुम्हाला हवं असेल तर..."

"मला कशाला? तुम्हाला हवा असेल तर थांबू."

या सौजन्यात वाडीवऱ्हे मागे पडलं. गोंद्याला पुन्हा हेच संभाषण झालं. घोटीत वडे तळल्याचा वास हेल्मेटच्या आत घुसला, तेव्हा माझ्या मते आम्ही दोघांनीही एकदमच आवंढा गिळला. पण कुणी काही बोललं नाही. चहाखेरीज आणखी एका कारणासाठीही मला थांबायचं होतं, पण ते सासऱ्यांना ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

मोटरसायकलवरून निसर्ग बघायला जाणारे लोक एक गोष्ट लपवून ठेवतात. निसर्ग मागच्याला दिसतो. पुढच्याला रस्ता दिसतो, तोही जमेल तसा. बाहेरून पाऊस, आतून श्वासाची वाफ, त्यात माझा चष्मा. काच वर केली तर थेंब डोळ्यांत टाचणीसारखे टोचतात, खाली केली तर सगळं जग पांढरं. मी ओल्या हातमोज्याच्या अंगठ्यानं एक रुपयाएवढं भोक पुसायचो आणि त्यातून पुढच्या टेम्पोचा लाल दिवा शोधायचो. बारी गावाजवळ मामा ओरडले, "उजवीकडे बघा, कळसूबाई! सोळाशे सेहेचाळीस मीटर!" मी भोकातून एक म्हैस पाहिली. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, त्यामुळे तिची उंची माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची होती.

तिथून पुढे गाडी अचानक डावीकडे ओढायला लागली. चाक बसलं की काय, म्हणून आरशात पाहिलं. मामांनी छत्री उघडली होती. रेनकोटवर त्यांचा विश्वास नाही. बरं, ती स्वतःवर तरी धरावी. ती माझ्या डोक्यावर! जावयाचा मान. आता मान देणाऱ्याला "हे बंद करा" कसं सांगायचं? मी योग्य शब्द जुळवत असतानाच दरीकडून झोत आला, छत्री उलटी झाली, काड्या बाहेर आल्या आणि गाडी सरळ चालू लागली. वाऱ्याला नात्याची भीड नसते.

शेंडीला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडली. तिथून पुढे मामा झाडांत शेकरू शोधत होते. शेकरू धो धो पावसात बाहेर पडत नाही. राज्यप्राण्याला तेवढी अक्कल आहे.

वाटेवर धरणाचा इतिहास वाऱ्यातून मला तुकड्यातुकड्यांनी मिळाला होता: "विल्सन... 1926... सगळं दगडी..." धरणापाशी उतरल्यावर तो सलग ऐकला. विल्सन म्हणजे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर. 1910 च्या सुमारास सुरू झालेलं काम पुरं व्हायला 1926 उजाडलं. प्रवरेचं हे पाणी खाली कालव्यांनी पार श्रीरामपूरकडच्या उसाला जातं. सांगताना मामांचा चेहरा असा खुलला होता की मला बसल्याजागी आलेल्या मुंग्यांचाही विसर पडला. धरणातून सोडलेलं पाणी खाली एका गोल कातळावरून चहूबाजूंनी पसरत पडतं, तो अंब्रेला फॉल. त्याच्यासमोर मामांनी आपली मोडकी छत्री उघडून फोटो काढून घेतला. काड्या मोजता येतात इतका स्पष्ट आलाय.

घाटघरला कोकणकडा होता म्हणे. कठड्याशी वीस-पंचवीस माणसं पांढऱ्या ढगाकडे पाठ करून सेल्फी काढत होती. मामांनी त्या पांढऱ्यातच बोटानं दाखवून मला 250 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प समजावला. विजेची मागणी कमी असताना खालचं पाणी पंपानं वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची.

"पण चढवायला जास्त वीज लागत असेल ना?"

"लागतेच!" मामा इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सबंध दिवसातला तो पहिला स्पर्श. "पण ऐन गरजेला मिळते, हे महत्त्वाचं!"

तिथल्या टपरीवर अखेर चहा झाला, मामींनी दिलेला डबाही उघडला. त्या हवेत अनारसे मऊ पडले होते, पण आम्ही डबा चाटूनपुसून साफ केला. माझी दुसरी अडचण टपरीमागच्या झुडपांनी सोडवली. मामाही माझ्या पाठोपाठ घाईघाईनं तिकडे गेले, तेव्हा घोटीला कोण कुणासाठी थांबत नव्हतं ते कळलं.

परतताना घोटीला मामा म्हणाले, "तुम्ही दमलात, आता मी चालवतो." नाही म्हणणं मला कुठून जमणार? तिथून नाशिकपर्यंत आम्ही ताशी पंचवीसनं आलो. ट्रकवाल्यांनी हॉर्नवर ठेवलेला हात उचलला नाही. पाथर्डी फाट्याला मामांनी इंडिकेटर न देता गाडी उजवीकडे घातली आणि मला मागून हात दाखवायला सांगितलं. मी दाखवला. मागचा रिक्षावाला डोकं बाहेर काढून जे बोलला ते मामांना हेल्मेटमुळे नीट ऐकू गेलं नाही.

"काय म्हणतोय?"

"काही नाही मामा, तुम्ही आधी जा म्हणतोय."

मामांनी हँडल सोडून त्याला नमस्कार केला.